नॅसॉ स्ट्रीटवरचा पाइप

दुकानदाराने पाइप माझ्या तळहातावर ठेवला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जाताना एवढंच म्हणाला, "हा हातात राहू दे, बाकीचे निवांत बघ." डब्लिनला नॅसॉ स्ट्रीटवर, ट्रिनिटी कॉलेजच्या समोरच्या बाजूला पीटरसनचं तंबाखू ओढायच्या पाइपांचं दुकान आहे. ऑफिसातून स्टेशनकडे जाताना मी किती वेळा त्या काचेपुढे रेंगाळलो असेन. आत कधी गेलो नव्हतो. त्या संध्याकाळी गेलो. कपाटांमधून ओळीने मांडलेले पाइप बघत फिरलो, आणि तेवढा वेळ तो एक पाइप माझ्या उजव्या मुठीत होता. किंचित बाक असलेला, तांबूस तपकिरी, दांड्याच्या तोंडाला चांदीची टोपी, पुढे काळीभोर नळी. लाकडाला आधी गार स्पर्श होता. फिरता फिरता ते हाताइतकंच ऊबदार झालं, आणि त्याचा पोटाकडचा गोल भाग अंगठ्याच्या बुडाशी असा बसला की तो तिथे आहे याचं भानच राहिलं नाही. परत द्यायची वेळ आली तेव्हा मी हात पुढे केला, पण बोटं लगेच सुटली नाहीत. दुकानदाराने ते पाहिलं. तो काही बोलला नाही, हसलाही नाही. फडक्याने पाइप पुसून त्याने जागेवर ठेवला. मी आभार मानून बाहेर पडलो.

ती न सुटलेली बोटं मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिली.

पाइपची किंमत २४५ युरो होती. रुपयांत बावीस-पंचवीस हजार. परदेशात इतकी वर्षं राहूनही मनातला हा गुणाकार सुटत नाही. एवढ्या पैशांत गावाकडे काय काय होतं हे मला तोंडपाठ आहे. पण पैशांची अडचण होती असं म्हणणं खोटं ठरेल. यापेक्षा महाग वस्तू मी फारसा विचार न करता घेतल्या आहेत, आणि त्यातल्या काही आता कपाटात कुठे पडल्या आहेत तेही आठवत नाही. हा पाइप तसा विसरला गेला नसता. चांगला पाइप नीट वापरला तर घेणाऱ्याच्या पश्चातही टिकतो. जुन्या, कुणीतरी ओढलेल्या पाइपांचा वेगळा बाजार आहे, तिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पाइप साफ करून, नळी घासून पुन्हा विकले जातात आणि नवे मालक ते पेटवतात. अशी वस्तू घेताना आपण ती कशासाठी घेतोय याचं उत्तर आपल्याजवळ हवं, असं मला वाटतं. माझ्याजवळ ते नव्हतं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. मागच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. पाऊस नसला की ते संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात आणि पाइप भरतात. त्यांचं भरणं मी अनेकदा पाहिलं आहे. पाऊचमधून चिमटीने तंबाखू घ्यायची, ती बोटांनी मोकळी करायची. पहिला थर नुसता सोडायचा, दाबायचा नाही. दुसरा थर जरा दाबून, तिसरा आणखी जरा. मग नळी तोंडात धरून नुसती हवा ओढून बघायची, ओढ जड लागली तर सगळं उकरून पुन्हा पहिल्यापासून. काडी ओढली की ज्योत तोंडाशी गोल फिरवायची. पहिल्या वेळी तंबाखू फुगून वर येते, मग ती हलकेच दाबून दुसरी काडी. त्यानंतर पाऊण तास माणूस जागचा हलत नाही. जोरात ओढलं तर पाइप तापतो आणि जीभ भाजते, हळू ओढलं तर विझतो. या दोन्हींच्या मध्ये राहण्याची त्यांच्या हाताला सवय झाली आहे. बोलताना ते पाइपकडे बघतही नाहीत.

मी त्यांना विचारलं, सुरुवातीला एखादा स्वस्तातला घेऊन पाहावा का? त्यांनी मान हलवली. म्हणाले, स्वस्त पाइपने लोक पाइप सोडतात. लाकूड नीट वाळवलेलं नसतं, भोक वाकडं असतं, वरून जाड वार्निश दिलेलं असतं. मग धूर कडू लागतो, तोंडात पाणी येतं, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. घ्यायचा तर चांगला घे. अमेरिकेत मिझुरीमध्ये १८६९पासून मक्याच्या बुरकुंडाचे पाइप बनतात, ते स्वस्त असून चांगले असतात, तेवढा अपवाद त्यांनी मान्य केला. पण ते मन लावून बोलत होते ते आपल्या पाइपांबद्दलच. त्यांच्याकडे तीन आहेत, आळीपाळीने ओढतात. ओढलेला पाइप किमान एक दिवस कोरडा होऊ द्यावा लागतो, नाहीतर लाकूड आंबूस होतं. सर्वांत जुना त्यांनी लग्नाआधी पगारातून पैसे साठवून घेतला होता. त्याचं तोंड काळं पडलंय, नळीवर दातांचे खोल वण आहेत, चांदी झिजून तिच्यावरचे शिक्के पुसट झालेत.

त्या शिक्क्यांचंही मला वेड लागलं. आयर्लंडमध्ये चांदीच्या वस्तूवर डब्लिनच्या अ‍ॅसे ऑफिसचे, म्हणजे चांदीचा कस तपासणाऱ्या कार्यालयाचे, ठसे असतात. मुकुट घातलेली हार्प, आयर्लंडचं प्रतीक असलेली बसलेली स्त्री हायबर्निया, आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. अक्षर वाचता आलं की ती चांदी कुठल्या वर्षी तपासली गेली ते कळतं. पाइप बनवणारी माणसंही कुठून कुठून आलेली. कॅप बंधू जर्मनीतल्या न्युरेम्बर्गचे, त्यांच्या डब्लिनमधल्या दुकानात येऊन मिळालेला चार्ल्स पीटरसन लाटव्हियाचा. त्याने १८९० साली ज्या रचनेचं पेटंट घेतलं ती आजही तशीच वापरात आहे. धुराच्या वाटेखाली दांड्यातच एक छोटी विहीर कोरलेली असते. धुरातलं पाणी तिच्यात साठतं आणि तोंडात येत नाही. मधेच नळी काढून पाणी झटकून टाकायचं, त्यासाठी नळी नुसती दाबून बसवलेली, पाइप गरम असतानाही सुटणारी. पुढे १८९८मध्ये त्याने नळीच्या टोकाचं भोक समोर न ठेवता वरच्या अंगाला नेलं, म्हणजे धूर जिभेवर न येता टाळूकडे जातो. माझं सगळं आयुष्य कारखान्यात मापं तपासण्यात गेलं. एका माणसाला आपल्या जिभेच्या भाजण्याचा इतका बारकाईने विचार करावासा वाटला आणि त्याचं उत्तर एका तिरक्या भोकात सापडलं, याचा मला मनापासून आनंद होतो.

दुकानात मी पाइप साफ करायची काडी मागून घेतली होती. मऊ लोकर गुंडाळलेली तार. ती नळीच्या टोकातून आत सारली आणि पाइपच्या तोंडातून आत डोकावून वाट बघितली. तारेचं पांढरं टोक बरोबर तळाशी, बरोबर मधोमध आलं. तंबाखूचं घर वरून खाली कोरलेलं, धुराची वाट दांड्यातून तिरकी, दोन्ही भोकं वेगवेगळ्या दिशांनी लाकडात शिरतात आणि बनवणाऱ्याला आत दिसत नसताना नेमकी तळाला भेटतात. एक-दोन मिलिमीटर वर भेटली तर तळाची तंबाखू ओली राहून जळत नाही. खाली भेटली तर बूड पातळ होतं. चांगल्या पाइपची पारख करायची झाली तर वरच्या चकाकीआधी मी ही भोकांची जुळणीच बघेन.

लाकूडही साधं नाही. भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या टेकड्यांवर, इटलीत, कॉर्सिकात, ग्रीसमध्ये, अल्जीरियात एक झुडूप वाढतं. त्याच्या खोडाच्या आणि मुळाच्या मध्ये जमिनीत एक गाठ धरते. पाइप त्या गाठीचा. ती पाइपजोगती मोठी व्हायला काही दशकं लागतात. खणून काढल्यावर वाळू द्यायची नाही, नाहीतर तडकते. ओली ठेवून कापायची, तासन् तास उकळून तिच्यातला रस काढायचा, मग महिनोन्महिने सावलीत वाळवायची. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे लाकूड पाइपसाठी वापरात आणलं आणि मातीच्या पाइपांचा काळ मागे पडत गेला. हे लाकूड जळत नाही असं नाही, पण फार उशिरा जळतं, आणि आतून काजळीचा पातळ थर धरला की तोच थर पुढे त्याला सांभाळतो. तरीही प्रत्येक गाठीत काय निघेल ते कापल्याशिवाय कळत नाही. आत मातीचे कण असतात, पोकळ्या असतात. त्या फार असल्या तर पाइपवर वाळूचा मारा करून वरचा मऊ भाग उडवतात आणि तो खडबडीत ठेवतात. एकही डाग नसलेला, संपूर्ण गुळगुळीत पाइप क्वचितच निघतो. माझ्या हातात होता तो तसा होता. बाजूला लहान लहान डोळ्यांची नक्षी, पुढच्या अंगाला उभ्या रेषा.

इथवर माझं मन फार सुखात असतं. लाकूड, चांदी, भोकं, पेटंटची वर्षं. यात कितीही वेळ घालवता येतो, आणि पाइपची हौस असलेली माणसं घालवतातही. मग पाऊच उघडलं जातं.

दुकानातून निघण्याआधी तिथल्या माणसाने मला एक मिश्रण हुंगायला दिलं होतं. त्यात लाटाकिया होती, लाकडाच्या धुरावर धरून काळी केलेली पानं. तो वास नाकात गेला आणि मला पावसाळ्यात ओल्या सरपणाने कोंदलेलं आमचं निपाणीकडचं स्वयंपाकघर आठवलं. बाकीच्या डब्यांना बेदाण्यांचा, व्हॅनिलाचा, गवताचा वास होता. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक वास होता जो तिथे उभ्या असलेल्या कुणापेक्षाही मला आधीपासून ठाऊक होता. आमच्या घरचं पीकच तंबाखूचं. निपाणीच्या वखारींतला खकाणा ज्याच्या नाकात गेलाय त्याला तंबाखूचा वास कुणी शिकवावा लागत नाही. वखारीच्या गल्लीतून जाताना डोळे चुरचुरायचे, शिंकांवर शिंका यायच्या, आणि आत बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर तो माल चाळत, निवडत बसलेल्या असायच्या.

शेतात तंबाखू छातीएवढी व्हायची. फुलावर यायच्या आधी शेंडे खुडायचे, म्हणजे जोर पानांत जातो. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हा पुन्हा काढायचे. शाळा सुटल्यावर आम्ही पोरं त्याच कामाला. पानाच्या अंगाला चिकट राळ असते, ती बोटांना बसत जाते आणि संध्याकाळपर्यंत तिचा काळा, जाड थर होतो. साबणाने जात नाही. आज्जा आम्हाला हाताला माती चोळायला लावायचा. ते हात चुकून तोंडाला लागले तर कडू थुंकी पडत राहायची, आणि जास्त वेळ रानात राहिलं की गरगरायचं, मळमळायचं. ओल्या पानातून निकोटीन कातडीवाटे अंगात जातं हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा ऊन लागलं म्हणायचे.

आज्जा चिलीम ओढायचा. कुंभाराकडची मातीची चिलीम, आत बुडाला एक खडा, त्यावर स्वतःच्या रानातली तंबाखू, वर चुलीतला निखारा. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, दोन्ही हातांची ओंजळ करून ओढायची. चिलीम फुटली तर दुसरी. तिचं कुणाला काही वाटायचं नाही. आज्जाचं बसणं, शेजाऱ्यांचं बसणं आणि मधून मधून फिरणारी चिलीम, हे मला शेजारच्या आजोबांच्या पाऊण तासात हुबेहूब दिसतं. कदाचित म्हणूनच मी भिंतीशी इतका वेळ उभा राहतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले, तेव्हा आज्जाही तिथे होता. भाकरी बांधून गेला होता. त्या आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला, त्यात शेतकरी गेले. आज्जा त्या दिवशी काय पाहून आला ते त्याने कधी सांगितलं नाही. पण तंबाखू वाईट असं आमच्या घरात कुणी म्हणू शकत नव्हतं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फी तंबाखूने भरली. माझी पहिली दोन-तीन वर्षंही तिनेच भरली.

आणि अण्णा गेले तेही तिच्यानेच.

अण्णा ओढत नसत. ते शिक्षक होते, शाळेत धूर चालत नसे. त्यांची डबी होती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. डाव्या तळहातावर घेऊन उजव्या अंगठ्याने मळायची, दोन टाळ्या मारायच्या, चिमूट गालात. आधी गालात पांढरा चट्टा दिसायला लागला, मग तिखट लागेनासं झालं, मग तोंड पुरतं उघडेना. परळच्या फेऱ्या सुरू झाल्या. शस्त्रक्रियेत खालच्या जबड्याचा उजवा भाग काढला. पोरांना मोठ्याने पाढे म्हणायला लावणाऱ्या माणसाचं बोलणं नंतर फक्त आईला समजायचं. दोन वर्षांनी गेले.

त्या काळात मी वाचू लागलो. चुना का लावतात हे तेव्हा कळलं. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, आणि तशी झाली की तिच्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून भराभर रक्तात उतरतं. म्हणूनच नुसत्या तंबाखूपेक्षा चुना घातलेली चढते. आता पाइपचं वाचताना तीच गोष्ट दुसऱ्या दारातून समोर आली. सिगारेटच्या मानाने पाइपचा धूर जास्त अल्कधर्मी असतो. म्हणून तो छातीत न घेताही पुरतो, तोंडात घोळवला तरी निकोटीन मिळतं. पाइप ओढणारे अभिमानाने सांगतात की आम्ही धूर गिळत नाही, आणि ते बहुतेकदा खरंच असतं. त्यामुळे फुप्फुसाचा धोका सिगारेटपेक्षा कमी होतो, नाहीसा होत नाही. पण ओठ, जीभ, गाल, घसा यांचं काय? तिथे तर तो धूर मुक्कामाला असतो. १७९५ साली जर्मनीतल्या सॉमरिंग नावाच्या वैद्याने खालच्या ओठाच्या कर्करोगाचा संबंध पाइप ओढण्याशी जोडला होता, म्हणजे या गोष्टीची जाण सिगारेटचा बाजार भरायच्याही आधीची. अण्णांच्या गालातली चिमूट आणि ती चांदीची टोपी यांच्यामध्ये मला जेवढं अंतर वाटत होतं तेवढं ते नाही. पीटरसनने धूर जिभेवरून टाळूकडे वळवला. टाळूही तोंडातच असते.

आयर्लंडने याबाबतीत जे केलं त्याचा मला आदर आहे. २९ मार्च २००४पासून इथे कामाच्या ठिकाणी, म्हणजे पबमध्येसुद्धा, धूम्रपान बंद झालं. सबंध देशात असा कायदा करणारा हा पहिला देश. पब म्हणजे या लोकांचा चव्हाटा, तिथून धूर हद्दपार करणं सोपं नव्हतं. २०२८पासून तंबाखू घ्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतील. शेजारचे आजोबा याबद्दल तक्रार करत नाहीत. पबमध्ये पाइप पेटवता येत नाही म्हणून ते अंगणात बसतात, एवढंच. पण याच देशात तंबाखूला एकेकाळी फार वेगळी जागा होती. माणूस गेला की रात्रभर त्याच्या घरी लोक जागायला येत. ताटात मातीचे आखूड पांढरे पाइप आणि चिरलेली तंबाखू मांडलेली असे. येणारा प्रत्येक जण, न ओढणारासुद्धा, एक झुरका घेई आणि गेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणे. रॉसकॉमन परगण्यातल्या नॉकक्रॉगरी गावात घरोघरी ते पाइप बनत. जून १९२१मध्ये स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश दलांनी ते गाव पेटवून दिलं, आणि तिथला धंदा पुन्हा उभा राहिला नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची पाहुण्यापुढे सरकवली जाणारी चंची आठवली. पान, सुपारी, चुना, तंबाखू. नको म्हणणं उद्धटपणाचं वाटायचं. अण्णांना पहिली चिमूट अशीच कुणीतरी मानाने दिली असणार.

मग मी एक मधला रस्ता शोधला. पाइप घ्यायचा, पेटवायचा नाही. आइनस्टाइनचा एक पाइप वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दातांनी पार झिजवलेला. डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यावरही तो रिकामा पाइप तोंडात धरायचा. ही गोष्ट मला फार धीर देऊन गेली. टेबलावर स्टँड ठेवायचा, काम अडलं की पाइप हातात घ्यायचा, चांदी पुसायची, रेषा बघायच्या. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "घे की मग, अडलंय कुठे?" तिच्या मनात काही नव्हतं, पण त्या रात्री मी जागा राहिलो. आइनस्टाइनच्या रिकाम्या पाइपमागे भरलेल्या पाइपची सारी वर्षं होती. त्याच्या दातांना त्या नळीची ओळख होती. माझ्या पाइपला काय असणार? गाठ डोंगरात इतकी वर्षं वाढली, कुणी ती उकळली, वाळवली, आंधळेपणाने दोन भोकं नेमकी जुळवली, ती सगळी आगीसाठी. आत एकदाही निखारा न पडलेला पाइप म्हणजे त्या कारागिराचं काम अर्धवट सोडणं. आणि खरं सांगायचं तर तो तसा राहिलाही नसता. वाईट पाइप माणूस बाजूला टाकतो. चांगला पाइप रोज संध्याकाळी बोलावतो, कारण तो बोलावण्यासाठीच इतका चांगला केलेला असतो. जितका उत्तम घ्यावा तितकं न पेटवणं अवघड.

आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे मोठ्यांसमोर ओढत नाहीत. पन्नाशीचा माणूससुद्धा बाप दिसला की विडी मुठीत दडवतो. कॉलेजात मीही सिगारेटी ओढल्या, गच्चीच्या टाकीमागे. सिगारेट चार मिनिटांत संपते, बडीशेप तोंडात टाकली की झालं. पाइप असा लपवता येत नाही. त्याला खुर्ची लागते, वेळ लागतो, त्याचा वास पडद्यांत राहतो. तो घ्यायचा तर उजळ माथ्याने घ्यायला हवा. आणि उजळ माथ्याने घ्यायचा तर आईला माहीत असायला हवं.

रविवारच्या फोनवर मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, लाकूड, चांदी, शेजारचे आजोबा, आज्जाची चिलीम. तिने मधे तोडलं नाही. मोबाइल तिने नेहमीप्रमाणे खाली धरला होता, त्यामुळे मला तिची हनुवटी आणि वरचं छत दिसत होतं. माझं संपल्यावर म्हणाली, "आज्जाची चिलीम मीच भरून देत हुते. त्याचं कवा काय वाटलं न्हाई." मग जरा थांबून, "तुझ्या अण्णांचं तोंड दोन वर्सं मी धुतलंय. कापूस आत कुठवर जायचा ते मला ठावं हाय. तुला घ्यायचं तर घे बाबा. पर मला इचारून घेऊ नको." एवढं बोलून तिने धाकट्या काकांच्या उसाला तोड मिळत नाही ती हकीकत सुरू केली. आमच्या रानात आता तंबाखू नाही, ऊस आणि सोयाबीन आहे.

तिने नको म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. घे म्हटलं असतं तर त्याहून सोपं. तिने दोन्ही केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी पाइप घेतला नाही. त्याच्या बाजूची सगळी कारणं अजूनही मला खरी वाटतात. तो पाऊण तास खरा आहे. ते लाकूड खरोखरच सुंदर आहे, आणि जो माणूस ते ओढतो त्याला मी कमी समजत नाही. पण पाइपच्या जगात तंबाखूची ओळख डबा उघडल्यापासून सुरू होते. माझी शेंडे खुडण्यापासून सुरू होते आणि त्या कापसापाशी येऊन थांबते. ती मधून तोडून तेवढा लाकडाचा आणि चांदीचा भाग घेणं मला जमणारं नाही. हे सगळ्यांना लागू आहे असं मी म्हणत नाही. मोह अजून आहे, तो लगेच जाईल असंही वाटत नाही.

शेजारच्या आजोबांना सांगितलं तेव्हा ते पाइप भरत होते. मला वाटलं होतं, वाईट वाटेल त्यांना. त्यांनी अण्णांबद्दल विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि बराच वेळ काडी ओढली नाही. मग आमच्या शेतीबद्दल विचारू लागले. बोलता बोलता कळलं की जन्मभर तंबाखू ओढलेल्या या माणसाने तंबाखूचं झाड कधी पाहिलेलं नाही. किती उंच होतं? पान केवढं? मी हात पसरून दाखवलं. शेंडे का खुडतात ते सांगितलं, बोटांना बसणाऱ्या राळेचं सांगितलं, वखारीतल्या शिंकांचं सांगितलं. बी इतकं बारीक असतं की ग्रॅमभरात हजारोंनी मावतं, हे ऐकून त्यांनी पाऊचमधली चिमूट तळहातावर पसरून निरखून पाहिली. मग म्हणाले, हे असं चिरण्याआधी आख्खं वाळलेलं पान कसं दिसतं ते एकदा बघायला हवं. आमच्यात कुणी आता लावत नाही, पण चिकोडीकडे आत्याच्या दिराचं थोडं रान अजून तंबाखूचं आहे. पुढच्या रविवारी आईला त्यांचा नंबर विचारणार आहे.